जोड्यांच्या खोलीतली शाळा

६ मार्च

ताई,

नमस्कार पोचला असं समज. तब्येत विचारत नाही. पोस्टमन सांगतो की तू ठणठणीत आहेस आणि फाटकाला हिरवा रंग दिलायस. हिरवाच का, ते तुझं तुला माहीत.

कामाचं लिहिते. दोन्ही शाळा बंद होणार आहेत. तुमचीही आणि आमचीही. शिक्षण खात्याच्या बाई आल्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत, उभ्या उभ्याच बोलल्या. रुळाच्या अलीकडे एक शीख शाळा, पलीकडे एक शीख शाळा, आणि दोन्हीकडे अर्धे वर्ग रिकामे. एवढ्याशा मुलांवर मान्यता राहत नाही म्हणे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोघांनी मिळून एक शाळा करतो असं कळवलं तर ती एक राहील. नाहीतर दोन्हींना कुलूप, आणि मुलं मोठ्या सरकारी शाळेत. ती शाळा वाईट नाही, मी तिला नावं ठेवत नाही. पण पोरांना आपल्या आज्या-पणज्यांची गुरुमुखी अक्षरं तिथे कोण शिकवणार? ग्रंथसाहिबासमोर बसून वाचायला कोण तयार होणार? आणखी वीस वर्षांनी गुरुद्वाऱ्यात पोथी उघडतील आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील.

आमच्या बाजूने होकार गेला. तुझ्या धाकट्या दिराने, म्हणजे आमच्या ह्यांनीच, तो दिला. कुरकुरत दिला, पण दिला. तुमच्याकडचा होकार भावोजींचा. आम्ही पाठवलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच परत लावलं. म्हणाले, "ज्यांनी माझी टेबलं जाळली त्यांच्या शाळेशी माझा संबंध नाही."

ते ऐकतात ते एकट्या तुझं. पहिल्यापासून. म्हणून तुला लिहितेय.

मराठीत लिहिते, कारण ह्या परक्या मुलखात तुझ्या घरात तुझ्याशिवाय हे कोणाला वाचता येणार नाही आणि माझ्या घरात माझ्याशिवाय. सख्ख्या बहिणी, वर सख्ख्या जावा, आणि अकरा वर्षं तोंडाला तोंड नाही. रूळ ओलांडून आलं तर हातातला चहा गार होत नाही एवढं अंतर, आणि मी पाकिटाला तिकीट लावतेय. पोस्टातली म्हणाली, "हा पत्ता इथलाच ना?" मी म्हटलं, "तू तिकीट दे, चौकशी करू नकोस."

भावोजींशी बोल. बाकी काही नको.

तुझी धाकटी


२१ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तू मानी आहेस. मी नाही, मी परत लिहिते. मला गप्प बसून काही मिळालेलं नाही आजवर.

काल एका मुलीने विचारलं, "मावशी, आपली शाळा कधी सुरू झाली?" मी म्हटलं, "जोड्यांच्या खोलीत." ती म्हणाली, "मी कधी विचारलं, कुठे नाही." आगाऊ आहे. तुझ्या हाताखाली असती तर सरळ झाली असती.

पण मग मी भांडी घासताना तेच आठवत बसले. तुला आठवतं का ते मला माहीत नाही. तू आठवत असशील तरी कबूल करणार नाहीस.

बाबा आणि सासरे लाकडाच्या गिरणीत एकाच करवतीवर होते. करवतीचा पट्टा तुटला आणि बाबा गेले. सासरे अर्धं पाऊल मागे होते म्हणून वाचले. तेव्हा गुरुद्वारा म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत ग्रंथसाहिब, स्वच्छ चादर, वर चांदवा. दुसरीत गिरणीतले सगळे बाप्ये, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं. मी आईला विचारलं होतं, पोथीला आख्खी खोली आणि माणसांना का नाही? आई म्हणाली, गप्प बस. सासऱ्यांनी ऐकलं आणि मला सांगितलं, ती आमच्या घरातली सगळ्यात मोठी आहे, मोठ्यांना आपण खोली देतो ना? मला ते लगेच पटलं. अजून पटतं.

बाबांनंतर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तू चौदाची, मी नऊची. सासरे दारात आले. म्हणाले, "जेवायला चला." आई म्हणाली, "आम्ही तुमच्यातले नाही." ते म्हणाले, "वहिनी, ते नंतर ठरवू. पोरी उपाशी उभ्या आहेत."

नंतर कधीच ठरलं नाही. रोज जेवलो. आई पीठ मळायला लागली, मी भांडी घासायला. मला वाटतं, आपली लग्नं त्या घरात झाली तेव्हा कोणाला नवलही वाटलं नाही. आपण आधीपासून तिथल्याच होतो. ह्याचे आभार मी कोणाचे मानले नाहीत. तिथे आभार मानले की लोक दुसरीकडे बघतात.

आणि तुझी शाळा. बायका गिरणीत पॅकिंगला जायच्या, पोरं मागे राहायची. शेगडी फक्त जिन्याखालच्या खोलीत होती, जिथे ओले जोडे वाळत घालायचे. तिथे तू त्यांना बसवलंस. मांडणीच्या खालच्या फळीवर पोरं, वरच्या फळीवर बूट. ग्रंथसाहिब वाचणारे ग्रंथीबाबा यायचे आणि परातीत कोरडं पीठ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचे. पोरांनी गिरवलं की परात हलवायची, झाली पाटी कोरी. मग तू त्याच पिठात मला मराठी शिकवलंस, कारण तिसरीनंतर मला कोणी शाळेत घातलं नव्हतं. मी बावन्न वर्षांची बाई आज हे जे खरडतेय ते तुझ्यामुळे. हे तुला कधी सांगितलं नसेन. आता सांगितलं. पुन्हा सांगणार नाही.

वास मात्र काय तो! परीक्षेत एका पोराने लिहिलं होतं, "शाळा म्हणजे जिथे पायमोजे वाळतात." तू त्याला पूर्ण गुण दिलेस.

पुढे गुरुद्वाऱ्याला जुनं गोदाम मिळालं. भावोजींनी सुतार गोळा केले, सुट्टीच्या दिवशी काम केलं, आणि गोदामामागच्या घरात खरीखुरी शाळा झाली. फळा आला. तुझ्या पहिल्या पोरांतली एक आता इस्पितळात नर्स आहे. मला इंजेक्शन देताना म्हणते, "ताईबाईंनी मला सुईला दोरा ओवायला शिकवला, घाबरू नका."

मग ती टेबलं आली.

गुरुद्वाऱ्यातला लंगर सगळ्यांनी जमिनीवर बसून जेवायचा. साहेब आणि हमाल एकाच सतरंजीवर. भावोजींनी बघितलं की गिरणीतली म्हातारी माणसं गुडघे धरून दारातूनच मागे फिरतात. हिवाळाभर खपून त्यांनी लांब टेबलं केली, बाक केले. आमचे हे म्हणाले, एक वर बसला आणि एक खाली, की पंगत मोडली. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर मिटेना. एक जण खोटा असता तर मीच त्याला गप्प केलं असतं.

त्या टेबलांवरून स्वयंपाकघराच्या दारात मी तुला जे बोलले ते बोलले. तू हातातलं पातेलं खाली ठेवलंस आणि गेलीस. पाठोपाठ अर्धी संगत गेली, घरंच्या घरं. रुळापलीकडे दुसरा गुरुद्वारा, दुसरी शाळा.

पोरांचा ह्यात काय दोष ते सांग.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, एक ओळ! "ठमे, जाळलेल्या टेबलांचं काय?" खाली नाव नाही, वर तारीख नाही. वाण्याला चिठ्ठी पाठवतेस तीही ह्याहून लांब असते.

पण लहानपणीसारखं "ठमे" लिहिलंस. ते वाचून मी चुलीवरचं दूध उतू घालवलं.

तर टेबलं. ऐक, आणि मध्ये फणकारू नकोस.

जाळली नाहीत.

जाळायचं ठरलं होतं, हे खरं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. फोडा आणि चुलीला लावा, म्हणजे विषय संपेल. तुझ्या दिराने कुऱ्हाडसुद्धा आणली. मी म्हटलं, "ह्या लाकडाला पॉलिश आहे. धूर होईल, डाळीला वास लागेल. डाळ कोण खाणार, तुम्ही?" ते म्हणाले, "मग बाहेर जाळू." मी म्हटलं, "बाहेर पाऊस आहे. सुकू दे, मग बघू." आणि सगळे जेवून पांगल्यावर स्वयंपाकातल्या बायकांना घेऊन मी ती टेबलं मागच्या शेडमध्ये ओढून नेली. काय वजन! तुझा नवरा लाकडात कंजुषी करत नाही. वर ताडपत्री, ताडपत्रीवर बटाट्याची पोती. पुरुष माणूस बटाट्याच्या पोत्याखाली कधी बघत नाही.

त्यांनी गावभर सांगितलं की जाळली. आपण हुकूम दिला म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटलं. तुमच्यापर्यंत तेच पोचलं.

पुढे आमच्याकडे वर्गाला जागा कमी पडली, तेव्हा मी शेड झाडून घेतली आणि पोती काढली. पुरुषांना कळलं तेव्हा टेबलांभोवती पोरं बसून गणितं करत होती. कुऱ्हाड घेऊन त्यांना कोण उठवणार? आमच्या ह्यांनी नुसतं नाक फुगवलं आणि म्हणाले, "जेवायला नाहीत ना? मग राहू देत."

तर गेली अनेक वर्षं आमची पोरं भावोजींच्या टेबलांवर लिहितात. त्यांच्यावर शाईचे डाग आहेत, कंपासने कोरलेली नावं आहेत, एका ठिकाणी एका पोराने अख्खी आगगाडी कोरली आहे, मी त्याचा कान पिळला होता. पण एकही टेबल मोडलेलं नाही. एका पायाखाली फक्त पुठ्ठा आहे.

तू विचारशील, तेव्हाच का नाही कळवलंस? कोणाला कळवू? बाजारात मी दिसले की तू फुटपाथ बदलायचीस. भाजीवाल्याकडे निरोप ठेवू की माझ्या बहिणीला सांगा, टेबलं बटाट्याखाली आहेत? दुसऱ्या दिवशी ती खरोखरच जळली असती.

आता एक गंमत सांगते. शिक्षण खात्याच्या बाई जाताना मला म्हणाल्या, "पलीकडच्या शाळेत जेवायला टेबलं आहेत आणि मुलं लिहायला जमिनीवर बसतात. तुमच्याकडे मुलं टेबलावर लिहितात आणि जेवायला जमिनीवर. तुमच्यात काही करार आहे का?" मी एवढी हसले की त्यांना वाटलं मला फिट आली. ताई, एवढ्या मोठ्या सुताराच्या शाळेत पोरं पालथी पडून लिहितात? आधी लंगरची टेबलं केली आणि मग हात थकले, असंच ना? मी चिडवत नाही. थोडं चिडवते.

भावोजींना पाठव. दुपारी पाठव, वर्ग भरलेला असताना. रिकामी टेबलं दाखवायची नाहीत मला.

तुझी ठमी


१९ एप्रिल

ताई,

आले. तू त्यांना काय सांगितलंस ते मला माहीत नाही. त्यांनीही सांगितलं नाही. काठी टेकत फाटकातून आत, सरळ शेडकडे. कोणाला नमस्कार नाही, कोणाकडे बघणं नाही. आमचे हे भाजीची पाटी घेऊन तिथेच होते. दोघे भाऊ समोरासमोर आले आणि दोघांनीही तोंड असं केलं की जणू मध्ये खांब आहे.

वर्गात मुलं पाढे म्हणत होती. भावोजी दारात थांबले. मग आत गेले आणि पहिल्या टेबलावर हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्या आगगाडीवर बोट थांबलं. मला वाटलं, आता चिडतात. म्हणाले, "चाकं बरोबर काढली आहेत."

मग वाकून खाली बघितलं.

"हा पुठ्ठा कोणी घातला?"

मी म्हटलं, "मी."

"लाज नाही वाटली?"

"सुतार रुळापलीकडे राहत होता," मी म्हटलं.

त्यांनी काठी भिंतीला लावली, खिशातून पट्टी काढली. सुतार खिशात पट्टी घेऊनच मरणार. पाय मोजला. "रंधा आहे का कोणाकडे?" हवेला विचारलं. आमचे हे पाटी ठेवून गेले आणि घेऊन आले. कुठून आणला असेल? सासऱ्यांचा जुना. आमच्या पलंगाखाली होता. भावोजींनी तो हातात घेतला, पात्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "धार करत जा अधूनमधून." ताई, धाकट्या भावाशी अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य! आमचे हे म्हणाले, "हो." एवढंच. आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं. भाजीत मिरच्या होत्या म्हणे.

होकार तिथेच झाला. शाळा एक, आमच्या जागेत, कारण जागा मोठी. तुमचे दोन शिक्षक येतील. गुरुद्वारे दोनच राहतील, त्याचं नाव कोणी काढलं नाही आणि मीही काढणार नाही. सगळं एका दिवसात मागणाऱ्यातली मी नाही.

पण पोरांनी जेवायचं कसं, ह्यावर पुन्हा गाडी अडली. आमचे हे म्हणाले, पोरं जमिनीवर. भावोजी म्हणाले, पोरं बसतील, म्हाताऱ्यांचं काय, मास्तरांचं काय, हिचं काय? "हिचं" म्हणजे माझं. त्यांनी बघितलं होतं की मी उठताना दाराची चौकट धरते. एवढी वर्षं जमिनीच्या बाजूने भांडले आणि आता माझ्याच गुडघ्यांना जमीन नको. हस, हस.

शेवटी भिंतीला लागून एक बुटका बाक करायचा ठरलं, ज्याचे गुडघे गेले त्याच्यासाठी. पण किती बुटका? इथे खरी लढाई. भावोजींनी पाय कापून आणले. आमचे हे म्हणाले, "उंच आहे, वरून बघितल्यासारखं होतं." भावोजींनी एक बोट कमी केलं. "अजून." "मग त्यापेक्षा जमिनीवरच बस!" "तेच तर म्हणतोय मी!" तीन दिवस चाललं. मी डाळ ढवळता ढवळता ऐकत होते. ताई, इतकं गोड भांडण मी ऐकलं नव्हतं. शेवटचं अर्धं बोट आमच्या ह्यांनी स्वतः तासलं. आणि पहिले बसले कोण? तेच. "हा बाक आहे, खुर्ची नव्हे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत अर्धा तास बसले.

तर माझं काम झालं. शाळा वाचली. मग मी हे कशाला लिहितेय?

लहान वर्गाला कोणी नाही. अक्षरं काढायला लावणारं, शेंबूड पुसणारं, रडणाऱ्याला न विचारता मांडीवर घेणारं. जाहिरात देऊन असली बाई मिळत नाही. कमिटीला मी सांगितलंय की एक जण माहितीतली आहे, पण ती येईल की नाही ते माहीत नाही. ती रागीट आहे असंही सांगितलंय. कमिटी म्हणाली, "तुमच्यापेक्षा?" मी म्हटलं, "तिनेच मला शिकवलं."

होकार भावोजींकडून मागितला तेव्हा मला भीती वाटली नव्हती. हे मागताना वाटतेय. हवं तर नाही म्हण. पण फुटपाथ बदलू नकोस आता.

ठमी


७ जून

ताई,

हे पत्र देऊ की नको, विचार करतेय. तू तर तीन भिंतींपलीकडे आहेस, तुझा आवाज इथवर येतोय. कोणाला तरी "तोंडातली पेन्सिल काढ" म्हणतेस.

पण काल जे झालं ते बोलून दाखवता येणार नाही मला. तुझ्यासमोर उभी राहिले तर मी "मीठ कुठे ठेवलंय" एवढंच विचारीन. म्हणून लिहिते, आणि तुझ्या पिशवीत टाकते.

काल सकाळी तू फाटकातून आलीस. मी खिडकीत होते, हात पिठाने भरलेले. तू स्वयंपाकघराकडे बघितलंही नाहीस. जोडे काढलेस, ओढणी डोक्यावर घेतलीस, ग्रंथसाहिबासमोर डोकं टेकलंस आणि सरळ लहान वर्गात. दोन्हीकडची पोरं तिथे दोन कोपऱ्यांत कोंबड्यांसारखी उभी होती. मला वाटलं, आता भाषण करशील. तू म्हणालीस, "नाकं पुसा आणि खाली बसा." बसली. कोण कुठल्या बाजूचं ते त्यानंतर मला ओळखता येईना.

मी सकाळभर चार वेळा वर्गावरून गेले. एकदा पाणी घेऊन, एकदा झाडू घेऊन. दोनदा काहीच न घेता. तू बघितलं नाहीस. मी मनात म्हटलं, ठीक, पोरांसाठी आली आहे, माझ्यासाठी नाही. तेवढंही पुष्कळ आहे. खरंच पुष्कळ होतं. मला तक्रार करायला काही सापडेना, आणि मी शोधत होते.

मग पंगत बसली. पोरं सतरंजीवर, बाकावर आमचे हे आणि भावोजी खांद्याला खांदा लावून, कोणाच्या बाजूला किती जागा ह्यावर कुरबुरत. आणि तू बाकाकडे न बघता पोरांच्या रांगेत बसलीस. सत्तावन्न वर्षांची, मांडी घालून, ताठ. तुझे गुडघे कसे शाबूत राहिले देव जाणे. रागाने राहिले असतील.

रोटी वाढायला मी होते. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, रोटी ताटात टाकायची नाही. घेणाऱ्याने दोन्ही हात पुढे करायचे, वाढणाऱ्याने हातात द्यायची. मग तो कोणीही असो. मी रांगेतून येत होते. एक पोर, दुसरं पोर, आणि माझ्या मनात एकच, ही हात पुढे करते की ताट पुढे सरकवते? ताट सरकवलं असतंस तर मी तुझ्या ताटात रोटी टाकून पुढे गेले असते, आणि आयुष्यभर तशीच पुढे गेले असते.

तू दोन्ही हात पुढे केलेस.

हात केवढे म्हातारे झालेत तुझे, ताई. आईचे हात. बोटांना खडू होता. मी रोटी ठेवली आणि मला पुढे जाता येईना. मागे डाळवाली खोळंबली. "चला ना मावशी," ती म्हणाली. मी तशीच.

तू वर बघितलं नाहीस. रोटी उलटून पाहिलीस आणि म्हणालीस,

"कच्ची आहे."

सगळ्या रांगेने ऐकलं. आमचे हे बाकावरून फिस्सकन हसले.

कच्ची होती. मी सकाळपासून तव्याकडे बघतच नव्हते, खिडकीकडे बघत होते. पण तू ती पुरी खाल्लीस. मग पुन्हा हात पुढे केलेस.

उद्या शाळा भरायच्या आधी ये. तवा मी तापवते, भाजायचं तू बघ. उशीर केलास तर ओरडेन.

ठमी